सुट्टीआधी ऑफिसचा अलार्म: रात्री अडीचला फोन कोण उचलणार?

दिवाळीत ऑफिस चार-पाच दिवस बंद, गणपतीत अर्धा स्टाफ कोकणात, तेव्हा चोरीच्या अलार्मची ही तयारी सुट्टीच्या पंधरा दिवस आधीच काढा, शेवटच्या आठवड्यात अलार्मवाल्याचा टेक्निशियन मिळतच नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधला गाळा असो, नौपाड्यात पहिल्या मजल्यावरचं सीएचं ऑफिस असो की वाशी-बेलापूरला दोन केबिनची जागा, रात्री दहानंतर सगळीकडे सीन एकच, खाली एक वॉचमन आणि तो पण मोबाईलमध्ये. वर अलार्मचा हूटर (भोंगा) बोंबलला तरी ऐकणार कोण? म्हणून सेन्सर किती लावलेत हे मी नंतर विचारतो, आधी विचारतो की रात्री अडीचला फोन कोणाला जाणार आणि तो उचलणार का.

तर पहिलं काम कॉल लिस्ट, म्हणजे अलार्म वाजला की अलार्म कंपनीने कोणाकोणाला फोन करायचा ती यादी. आपल्याकडे पहिला नंबर शेठचा द्यायची पद्धत आहे, पण शेठ डोंबिवलीला आणि अकाउंट्सवाला ऑफिसजवळ पाचपाखाडीत राहत असेल तर पहिला नंबर पाचपाखाडीवाल्याचाच पाहिजे. तीन नंबर तरी द्या, सुट्टीत कोण गावी जातंय ते बघून तेवढ्या दिवसांची लिस्ट बदलून घ्या, तीही कंपनीला मेल टाकून, तोंडी सांगितलेलं विसरतात. तिघांनीही अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूमचा नंबर सेव्ह करायचा, कारण असे नंबर ट्रूकॉलरवर लाल दिसू शकतात आणि झोपेत माणूस सरळ कट करतो, शिवाय फोन सायलेंटवर असला तरी हा नंबर वाजेल अशी सेटिंग करून ठेवायची. आणि फोन आला म्हणून एकट्याने जाऊन शटर वर करायचं नाही. ११२ लावा, खाली थांबा, पोलीस आल्यावरच आत जा, पंचनामा आणि ठसे घेऊन होईपर्यंत काही आवरायला घेऊ नका.

आता मॉनिटरिंग. बरेच जण मॉनिटरिंग म्हणून जे विकतात ते फक्त ॲपचं नोटिफिकेशन असतं, म्हणजे मॉनिटर आपणच करायचं आणि पैसे पण आपणच द्यायचे. रात्री समोर माणूस बसलेला असतो का, हे स्पष्ट विचारा. त्याहून महत्त्वाचं, पॅनलकडून, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या अलार्मच्या मुख्य डब्याकडून, ‘मी जिवंत आहे’ हा टेस्ट सिग्नल किती वेळाने जातो ते विचारा. दिवसातून एकदाच जात असेल आणि चोराने रात्री अकराला लाईन कापली तर कंट्रोल रूमला ते दुसऱ्या दिवशी कळणार, तोवर माल भिवंडी पार. काही मिनिटांनी जाणारा सिग्नल मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. लाईट गेली, बॅटरी उतरली, लाईन तुटली, या तिन्हीचे मेसेज वेगवेगळे यायला हवेत, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत ऑफिस आर्म झालं नाही, म्हणजे अलार्म चालू केला नाही, तर तिकडून फोन यायला हवा, हे तर मी लेखी घेतो.

लाईटवरून आठवलं, खाली जाऊन मीटर रूम बघून या. कितीतरी बिल्डिंगमध्ये ती सताड उघडी असते, आपल्या ऑफिसचं नाव एमसीबीवर (लाईटच्या खटक्यावर) मार्करने लिहिलेलं असतं, चोराने खटका पाडला की राऊटर बंद, कॅमेरे बंद, आणि अलार्मचा सगळा भार आतल्या छोट्या बॅटरीवर. ती बहुतेक बारा व्होल्ट सात एएचची (अँपिअर-तासांची) असते. पॅनल आणि सेन्सर मिळून अडीचशे मिलीअँपिअर खात असतील तर कागदावर अठ्ठावीस तास निघतात, पण तीन वर्षांची जुनी बॅटरी कधीकधी दोन तासांत मान टाकते. तारीख बघा, जुनी असेल तर बदलून टाका. राऊटर यूपीएसवर घ्या. ब्रॉडबँड बंद पडलं तर सिमवरून सिग्नल गेला पाहिजे, आणि इथेच गंमत होते, जुन्या पॅनलमधलं सिमचं मोड्यूल फक्त टूजीवर चालत असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. प्रीपेड असेल तर रिचार्ज कोण करतं ते ठरवा, पॅनलमधल्या सिमची आठवण कोणालाच नसते.

सेन्सर मोजत बसू नका, चोर कुठून येईल ते बघा. शटरला फक्त सेंटर लॉक असेल तर बाजूचेही लॉक लावा, शटर सेन्सर पावसाळ्यानंतर तपासा, वाऱ्याने शटर हलून फॉल्स अलार्म येतात आणि दोन-तीन वेळा आले की वॉचमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे दुर्लक्ष करतात. टॉयलेटची लुव्हर (काचेच्या पट्ट्यांची) खिडकी, फॉल सीलिंगवरची डक्ट, शेजारच्या गाळ्याची कॉमन भिंत, हे कोणी बघत नाही. जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेऊन भुयार खोदलं आणि खालून लॉकर रूममध्ये शिरले, सोमवारी बँक उघडेपर्यंत पत्ता नाही! आपल्याकडे भुयार कोणी खोदणार नाही, पण दाराला सेन्सर आहे म्हणजे झालं असं धरू नका, आत हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर पाहिजेच. तो अंगाची उष्णता ओळखतो आणि ती काचेतून त्याला दिसत नाही, म्हणजे हॉलमध्ये लावलेल्या पीआयआरला काचेच्या केबिनमधला चोर दिसणारच नाही, तिजोरी आणि लॅपटॉप केबिनमध्ये असतील तर वेगळा लावा. एसीच्या झोतासमोर किंवा उन्हाच्या खिडकीकडे तोंड करून लावू नका.

पिन कोड प्रत्येकाचा वेगळा, सोडून गेलेल्यांचे त्याच दिवशी बंद, १२३४ असेल तर लगेच बदला. साफसफाईच्या मावशींना त्यांचा स्वतःचा कोड द्या, शेठचा नको. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तो पण उचलून नेतात, कपाटात लॉक करा आणि फुटेज क्लाउडवर जाऊ द्या. लॅपटॉपचे सिरीयल नंबर, बिलं, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) रिपोर्ट ऑफिसबाहेर कुठेतरी ठेवा, घरफोडीच्या पॉलिसीत क्लेमला साधारण जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा आणि एफआयआर दोन्ही लागतात, रोख किती कव्हर आहे तेही आत्ताच वाचून घ्या.

मग टेस्ट. एकदा कंट्रोल रूमला सांगून सगळे सेन्सर फिरून बघा, आणि एकदा न सांगता, रात्री, मेन स्विच पाडून आणि राऊटरची वायर काढून, दार उघडा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत फोन आला नाही तर कोणता सिग्नल किती वाजता पोचला त्याचा लॉग मागून घ्या. सुट्टीपर्यंत दुरुस्त करून देत नसतील तर तेवढ्या रात्रींपुरता एजन्सीचा गार्ड ठेवा, पण खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचं पसारा (PSARA) लायसन्स आधी बघा, आणि गार्डला आपल्या शटरची किल्ली देऊ नका.