दादा कोंडके यांचे चित्रपट क्रमाने कसे पाहावेत : सीमाभागातील वाचनालयांसाठी व मंडळांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दादा कोंडके यांचा एकही चित्रपट न पाहिलेला मराठी माणूस शोधून सापडणे कठीण. मात्र बहुतेकांनी ते तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले असतात. जत्रेतल्या तंबूत अर्धा, वाहिनीवर जाहिरातींच्या मधून मधून थोडा आणि आता मोबाइलवर दोन मिनिटांचा एखादा प्रसंग, अशा पाहण्यातून विनोद तेवढा लक्षात राहतो, पण हा माणूस दोन दशकांहून अधिक काळ चित्रपट कसा रचत गेला, त्यात काय बदलले आणि काय बदलायला त्याने नकार दिला, हे कळत नाही. त्यासाठी हे चित्रपट क्रमाने आणि चारचौघांत पाहावे लागतात. गावातल्या वाचनालयाला किंवा तरुण मंडळाला अशी मालिका कशी भरवता येईल, ते एका जुन्या चाहत्याच्या नजरेतून येथे मांडत आहे.

पहिल्या संध्याकाळी चित्रपट लावूच नये. दादांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत झाला. बँडपथकात वाजवणे, सेवा दलाच्या कलापथकात काम करणे आणि त्यानंतर वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे हजाराहून अधिक प्रयोग करणे, असा त्यांचा पडद्यापर्यंतचा रस्ता आहे. समोरच्या प्रेक्षकाने कोणत्या शब्दावर मान वर केली आणि कोणत्या वाक्यावर तो शेजाऱ्याकडे वळला, हे रोज रात्री पाहिलेला नट पुढे कॅमेऱ्यासमोरही समोर माणसे बसली आहेत असे धरूनच बोलतो. म्हणून आरंभी गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम एखाद्या जाणकाराकडून समजून घ्यावा आणि जमल्यास गावातल्याच दोन हजरजबाबी माणसांकडून दहा मिनिटांची बतावणी करून घ्यावी. आपल्या भागात हे अवघड नाही. गोकाक परिसरातील कुलगोड तम्मण्णांच्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या लोकनाट्याची परंपरा आणि दोड्डाट हा कन्नड लोकनाट्यप्रकार पाहिलेली कन्नड मंडळी आणि सोंगी भजनाची सवय असलेली मराठी मंडळी येथे एकाच ओट्यावर बसतात, नट थेट प्रेक्षकाशी बोलतो म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

चित्रपटांचा आरंभ ‘सोंगाड्या’ (1971) या चित्रपटापासून करावा. दादांनी स्वतः निर्मिलेला हा पहिला चित्रपट; दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे आणि लेखन वसंत सबनीस यांचे. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि घराला मुकतो, एवढ्याशा कथेत पुढच्या सगळ्या दादांचे बीज आहे. हा नायक कधीही विनोद केल्याचे दाखवत नाही. तो बोलतो ते त्याला खरेच वाटत असते आणि दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात तयार होतो. पाप असलेच तर ते ऐकणाऱ्याचे, अशी ही चलाख वाटणी आहे. पाहताना दादांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवण्याची सूचना सर्वांना आधीच द्यावी, कारण हशा पिकलेला असतानाही त्या चेहऱ्यावरचा निरागसपणा ढळत नाही. आईच्या भूमिकेतील रत्नमाला आणि नायिका उषा चव्हाण यांच्याकडेही तितकेच बारकाईने पाहावे. कडक आई आणि बावळट दिसणारा मुलगा ही जोडी नसती, तर हा भोळेपणा अधांतरी राहिला असता.

या चित्रपटाच्या प्रदर्शनाची हकिगत मध्यंतरात अवश्य सांगावी. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात मराठी चित्रपटाऐवजी हिंदी चित्रपट लावण्याकडे कल दिसू लागला, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले आणि शिवसैनिकांच्या आग्रहानंतर ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला, हे सर्वश्रुत आहे. मुंबईसारख्या शहरात मराठी चित्रपटाला पडद्यासाठी झगडावे लागले, ही गोष्ट सीमाभागातील प्रेक्षकाला विशेष कळते. तिच्यावर चर्चा रंगेलच, फक्त ती चित्रपट संपेपर्यंत लांबू देऊ नये.

दुसऱ्या बैठकीत ‘एकटा जीव सदाशिव’ (1972) घ्यावा. गावात वाढलेला मुलगा शहरातल्या श्रीमंत जन्मदात्यांकडे जातो, ही कथा 2000 साली हिंदीत ‘जिस देश में गंगा रहता है’ या नावाने पुन्हा आली. दोन्ही चित्रपटांतला एकेक समान प्रसंग शेजारी ठेवून दाखवला, तर दादांचा विनोद कथेत किती आहे आणि त्यांच्या बोलण्याच्या ठेक्यात किती, हे भाषण न करताही उलगडते. माझ्या मते ठेक्यातला वाटा मोठा आहे.

सगळ्यांत जास्त वेळ ‘पांडू हवालदार’साठी (1975) राखून ठेवावा, कारण येथून दादा दिग्दर्शक झाले. या चित्रपटाने अशोक सराफ यांना मोठी ओळख दिली आणि संगीतकार म्हणून राम-लक्ष्मण हे नावही येथूनच रुजले. दोन हवालदारांचे प्रसंग एकदा सरळ पाहावेत आणि मग त्यांतला एखादा आवाज बंद करून पुन्हा पाहावा. आवाजाविना दिसते ते असे, की दादा स्वतःच्या वाक्यानंतर चित्र लगेच तोडत नाहीत. प्रेक्षागृहातले हसू ओसरावे एवढी जागा ते मोकळी ठेवतात. घरी एकट्याने पाहणाऱ्याला हीच जागा रेंगाळलेली वाटते आणि चित्रपट संथ असल्याची तक्रार सुरू होते. पन्नास माणसांच्या खोलीत ती तक्रार कोणी करत नाही. ही मालिका गर्दीत भरवावी, असा माझा हट्ट आहे, तो याच कारणाने.

त्यानंतर ‘तुमचं आमचं जमलं’ (1976) आणि ‘राम राम गंगाराम’ (1977) पाठोपाठ घ्यावेत. पहिल्यातले महेंद्र कपूर यांनी गायलेले ‘अंजनीच्या सुता’ मारुतीच्या देवळात ऐकलेल्या अनेकांना ते कोणत्या चित्रपटातले आहे याची कल्पना नसते. ते पडद्यावर आले की खोलीत कुजबुज होते, ती होऊ द्यावी. दुसऱ्यात अशोक सराफ यांचा म्हमदू खाटीक आहे आणि दादांनी सहकलाकाराला किती मोकळे रान दिले, ते तेथे दिसते. स्वतःच निर्माता, दिग्दर्शक आणि नायक असलेला माणूस हशा दुसऱ्याच्या पदरात टाकतो, ही साधी गोष्ट नव्हे.

यापुढे मात्र निवड करावी. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (1978), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (1980), ‘आली अंगावर’ (1982) अशी शीर्षकेच प्रेक्षकाला दारातून आत ओढू लागली आणि सेन्सॉरशी होणारी झटापट हाही जाहिरातीचाच भाग झाला. यांपैकी पहिला पुरेसा आहे, निदान ‘ढगाला लागली कळ’ या गाण्यासाठी तरी. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, हे येथे सांगावे. परंतु उत्तरार्धातील चित्रपटांत भोळेपणा कमी होऊन केवळ सूचकता उरली, हेही चाहत्याने लपवू नये. हिंदीतला ‘तेरे मेरे बीच में’ (1984) अर्धा पाहिला तरी चालतो. ‘येऊ का घरात’ (1992) पूर्ण पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. कन्नड मित्र आले असतील, तर स्वतःच दिग्दर्शक आणि नायक असलेल्या काशिनाथ यांच्या ‘अनुभव’ (1984) या चित्रपटाचा विषय काढावा. द्व्यर्थी विनोदाबद्दल दोन्ही भाषांत कसे वाद झाले, यावर दोन्हीकडची माणसे उत्साहाने बोलतात.

शेवटच्या बैठकीला सगळ्यांत जुना ‘तांबडी माती’ (1969) ठेवावा. भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखालील दादा येथे दिसतात. हा चित्रपट क्रमाने आधी लावला तर दादा त्यात शोधावे लागतात. शेवटी लावला तर दुसऱ्याच्या शिस्तीत राहूनही त्यांनी काय आपले ठेवले, ते चटकन ओळखू येते.

व्यवस्थेबद्दल थोडे. सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते, मग तिकीट असो वा नसो. ती लेखी घ्यावी. चित्र थोडे धूसर असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, पण संवाद तुटला की दादांचा चित्रपट संपलाच, म्हणून खर्च प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर करावा आणि आदल्या दिवशी भरल्या खोलीचा अंदाज घेऊन आवाज तपासावा. हेस्कॉम या येथल्या वीज कंपनीची वीज ऐन रंगात जाऊ शकते. इन्व्हर्टरची सोय आधीच पाहावी. खानापूरकडे पावसाळ्यात आणि भात कापणीच्या दिवसांत माणसे जमणार नाहीत. हिवाळ्यातले रविवार कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील साहित्य संमेलनांसाठी मोकळे सोडावेत. शनिवारची संध्याकाळ बरी पडते.

महिलांच्या उपस्थितीबाबत संकोच न बाळगता स्पष्टपणे बोलावे. कोणत्या चित्रपटात कशा प्रकारचे संवाद आहेत, हे निमंत्रणातच लिहावे आणि यायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. चर्चेत मात्र या चित्रपटांत स्त्रीकडे कसे पाहिले आहे, हा प्रश्न टाळू नये आणि त्यावर प्रथम बोलण्याची संधी महिलांनाच द्यावी. उषा चव्हाण यांच्या नायिका बहुतेक वेळा नायकापेक्षा शहाण्या असतात, हा मुद्दा बचावासाठी पुढे येतो. तो खरा आहे, पण त्याने सगळे झाकले जात नाही.

प्रत्येक बैठकीनंतर एकाने वहीत नोंद करावी. हसू कोठे आले, कोठे येईल असे वाटले असून आले नाही आणि तरुण व वृद्ध वेगवेगळ्या ठिकाणी हसले काय, एवढे तीन प्रश्न पुरे. ज्यांनी हे चित्रपट त्या काळी पाहिले, त्यांच्याकडून चित्रपटगृहाचे किंवा जत्रेचे नाव, सोबत कोण होते आणि गावी परत कसे आले, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्यांनी सांगितलेले साल आणि प्रदर्शनाचे साल जुळणार नाही, कारण चित्रपट शहरांतून खेड्यांपर्यंत पोचायला वेळ लागत असे. अशा वेळी त्यांची आठवण दुरुस्त न करता दोन्ही साले शेजारी शेजारी लिहावीत आणि वही वाचनालयात, मागणाऱ्याच्या हाती देता येईल अशा ठिकाणी ठेवावी.