इंग्लंडच्या खेड्यांत जुने पब शोधायला निघताय? या चुका टाळा

नोकरीनिमित्त इंग्लंडात राहणारी किंवा सुट्टीत तिकडे गेलेली आपली मंडळी हौसेने गाडी काढून खेड्यांकडे वळतात आणि दुपारी साडेतीनला एखाद्या देखण्या पबच्या बंद दारासमोर उभी राहतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. १९८८ पर्यंत दुपारी काही तास पब बंद ठेवणं तिथे कायद्यानेच सक्तीचं होतं. कायदा बदलला, पण लहान गावात दिवसभर उघडं ठेवणं परवडत नाही. त्यामुळे अडीच-तीनला दार लावायचं आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचं, ही रीत अनेक ठिकाणी टिकून आहे. सोमवारी तर बऱ्याच पबना सुट्टी असते. जेवणाच्या वेळा आणखी वेगळ्या: साधारण बारा ते दोन, मग सहा ते साडेआठ-नऊ. रविवारी दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, असतो आणि संध्याकाळी स्वयंपाकघर बंद. निघायच्या दिवशी सकाळी फोन करून आज कधी उघडताय आणि जेवण किती वाजेपर्यंत मिळेल, एवढं विचारून घ्या. नेटवरच्या वेळा कित्येकदा जुन्या असतात.

पाटी वाचून भुलू नका

'इंग्लंडमधला सर्वांत जुना' असा दावा करणारे पब पुष्कळ आहेत. नॉटिंगहॅमच्या 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'च्या भिंतीवर ११८९ हे साल ठळक रंगवलेलं दिसतं, पण आजची इमारत त्यानंतर कित्येक शतकांनी उभी राहिली. किल्ल्याच्या खडकात कोरलेल्या खोल्यांसाठी तो जरूर पाहावा, सालासाठी नव्हे.

जुनेपण आतल्या मांडणीत शोधायचं असतं. पूर्वी पबमध्ये लहान लहान खोल्या असत. कामकऱ्यांचा पब्लिक बार वेगळा, जरा नीटनेटका सलून बार वेगळा, आणि कोपऱ्यात चार माणसं मावतील एवढा स्नग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भिंती सर्रास पाडून एकच मोठा हॉल करण्यात आला. त्यामुळे बाहेरून गवताने शाकारलेलं छप्पर आणि आत सगळं नवं, असं फार ठिकाणी दिसतं. तुळईला टांगलेली घोड्यांची पितळी पदकं हा पुरावा नाही, ती बाजारात विकत मिळतात. उंच पाठीची लाकडी बाकं, लाल फरशी, झिजलेला उंबरा आणि काउंटरऐवजी भिंतीतली लहानशी खिडकी दिसली, तर योग्य जागी आलात असं समजा. एल ही पारंपरिक इंग्लिश बिअर जगवण्यासाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'कॅम्रा' या संस्थेने आतली रचना शाबूत असलेल्या पबांची यादीच तयार केली आहे. माझ्या मते सहलीची आखणी तिथूनच करावी.

एकच निवडायचा असेल, तर मी बर्कशायरमधल्या आल्डवर्थ गावचा 'बेल इन' सांगेन. अडीचशेहून अधिक वर्षं तो एकाच कुटुंबाकडे आहे. पेय खिडकीतून मिळतं, आणि खायला भरलेले पाव, सूप असं साधंच काही. कॅम्राने देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्याला दोनदा गौरवलं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रीडिंगमार्गे गोरिंग-स्ट्रीटली स्टेशन गाठायचं आणि तिथून दीडेक तास चालत जायचं. गावातल्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातले भव्य दगडी पुतळे आहेत, तेही पाहून घ्या.

टेबलावर वाट पाहत बसू नका

गावच्या पबमध्ये ऑर्डर घ्यायला सहसा कोणी येत नाही. काउंटरवर जायचं, सगळ्यांची पेयं एकदम सांगायची आणि लगेच पैसे द्यायचे. हाक मारू नका, नोट हलवू नका. कोण आधी आलं हे पलीकडच्या माणसाच्या लक्षात असतं. जवळ थोडे रोख पैसे ठेवा. गावकऱ्याने तुमच्यासाठी पेय घेतलं, तर पुढचा राउंड तुमचा. हे विसरणं तिथे फार खटकतं. काउंटरवर रेलून उभी असलेली माणसं बहुधा गप्पांना तयार असतात. बोलणं सुरू करायला हवामान किंवा त्यांचा कुत्रा पुरतो. त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

'बिअर गरम आहे' ही तक्रार

हातपंपाने ओढलेली एल थंडगार नसतेच. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि तळघरात तिचं तापमान साधारण ११ ते १३ अंश राखलेलं असतं. फार गार केली तर चव दबते. मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती खरंच बिघडलेली आहे. पिंप उघडल्यावर एल तीनेक दिवसच चांगली राहते. ग्लास परत न्या, शांतपणे सांगा, चांगल्या पबमध्ये बदलून देतात. अख्खा पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. नवी चव घ्यायची तर हाफ मागा, किंवा आधी घोटभर चाखायला मागा.

शाकाहारी असाल तर इथे विचारावंच लागेल. एल नितळ करायला अनेक ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. यॉर्कशायर आणि बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्री भागात चिप्स गोवंशाच्या चरबीत तळण्याची पद्धत आहे. चीज, पाव, कांदा आणि लोणच्याचा 'प्लाउमन्स लंच' सहसा मिळतो, फक्त हॅम नको म्हणून सांगा.

परतीचा विचार आधी करा

इंग्लंड-वेल्समध्ये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, तर स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. हा हिशेब करत बसू नये, चालकाने थेंबही घेऊ नये. खेड्यांतल्या बस संध्याकाळी लवकर संपतात आणि रविवारी पुष्कळ मार्गांवर धावतच नाहीत. टॅक्सी ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, येतानाच परतीची ठरवून ठेवा. दिवसाला दोनच पब धरा, मधलं अंतर शेतांतल्या पायवाटांनी कापा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशांवर या वाटा दाखवलेल्या असतात.

हिवाळ्यात डोंगराळ भागातल्या पबची योजना वेगळी करावी लागते. उत्तर यॉर्कशायरचा 'टॅन हिल इन' ५२८ मीटरवर आहे, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात तिथे साठेक लोक तीन रात्री बर्फात अडकून पडले होते. अशा ठिकाणी थंडीत जायचं तर खोली आधी राखून ठेवा, औषधं आणि जादा गरम कपडे सोबत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचंच असेल तर तो बेत उन्हाळ्यावर टाका.