म्हाकूळ आणि आईचा तांब्याचा हंडा (माझा अनुभव)

बेळगावच्या शहापूरात आमच्या घरी तीनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात दोन बारकी म्हाकुळं (कटलफिश). लोक विचारतात समुद्र कुठं, बेळगाव कुठं, म्हटलं पोपटाच्या पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवता की नाही, तो ह्याच्याच पाठीतला.

चार महिने झकास चाललेलं, मग एकदम दोघांनी खाणं सोडलं. जिवंत कोळंबी समोरून गेली तरी ते दोन लांब हात बाहेर येईनात, अंग फिकट पांढरं, एकानं तर उगीचच शाई सोडली, अख्खा टँक काळा. अमोनिया शून्य, खारेपणा १.०२५, तापमान २५, सगळं बरोबर, खरं जनावर बरोबर नाही.

दोन दिवसांनी डोक्यात ट्यूब पेटली. उन्हाळ्यात पाणी आटतंय म्हणून मी रोज तांब्याभर आरओचं पाणी ओतत होतो, आणि ते आई पिण्यासाठी रात्रभर तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायची ते! माणसाला चांगलं असेल, म्हाकुळाला तांबं म्हणजे विषच. टेस्ट किटमध्ये तांबं दिसलं.

मग आरओच्या पाण्यात मीठ कालवून, तापमान जुळवून, थोडं थोडं करत चार दिवसांत निम्म्याहून जास्त पाणी बदललं, फिल्टरमध्ये तांबं शोषणारं रेझिन आणि नवा कार्बन घातला. भर घालायला वेगळी प्लास्टिकची बादली, झाकणावर मार्करनं "म्हाकूळ" लिहिलेली.

सहाव्या दिवशी दोघांतल्या मोठ्यानं कोळंबी पकडली, अंगावरनं पट्टे सरसर पळत होते. आई म्हणाली, "माझ्या हंड्याला नावं ठेवू नकोस, तुझीच अक्कल."