हिमगौरीची संगीत श्रुतिका कशी बसवावी

चित्रपटातली दृश्ये वगळली की श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायचे नाटक, आपोआप तयार होते, असे समजून हिमगौरीची गोष्ट शाळेत बसवायला घेतली, तर ती हमखास फसते. हिमगौरी आणि सात बुटक्यांच्या गोष्टीवरील वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ च्या चित्रपटाचे रूपांतर अमेरिकेतील ‘लक्स रेडिओ थिएटर’ने २६ डिसेंबर १९३८ रोजी तासाभराच्या कार्यक्रमात सादर केले होते. त्या चित्रपटातला एक बुटका मुळी बोलतच नाही, आणि रेडिओवर जो बोलत नाही तो श्रोत्याच्या लेखी नसतोच. त्यामुळे त्याच्याविषयी इतरांना बोलते करावे लागते.

उरलेल्या बुटक्यांचे आवाज वेगळे ओळखू येणे हे त्याहून अवघड काम आहे. खानदेशात त्याला एक सोपा उपाय आहे: राजवाड्यात प्रमाण मराठी ठेवावी आणि बुटक्यांच्या तोंडी अहिराणी द्यावी. दार वाजताच आतून “कोन शे?” असे आले की घर कोणाचे, हे निवेदकाने सांगण्याची गरज उरत नाही. एका प्रसंगात तिघांनाच बोलू द्यावे. बाकीच्यांची हजेरी शिंक, जांभई आणि खोकला यांवर भागते.

रानातल्या पळापळीसाठी केळीची वाळलेली पाने घ्यावीत, आणि ती आपल्याकडे विकत घ्यावी लागत नाहीत. माइकपासून हातभर अंतरावर ती सावकाश चोळली की चालणे आणि मुठीत भराभर चुरगाळली की धावणे ऐकू येते. सफरचंदाच्या घासासाठी मात्र सफरचंद वापरू नये, कारण पिकलेले फळ पुरेसे वाजत नाही. ताजा मुळा माइकजवळ कडकन मोडावा आणि त्यानंतर दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवावी. आरशाचे संवाद रिकाम्या माठाच्या तोंडाशी बोलावेत.

ग्रिम बंधूंची १८१२ मधली मूळ कथा सर्वांना खुली आहे, पण चित्रपटातली गाणी आणि बुटक्यांची नावे तशी नाहीत. म्हणून नावे नवी ठेवावीत आणि गाणीही नव्याने रचावीत. घर झाडण्याच्या गाण्याला गुलाबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या मुलींच्या सणाच्या, गाण्यांची चाल शोभते, साथीला पेटी आणि ढोलकी पुरते. गाणे सुरू असताना गोष्ट थांबत असेल, तर ते कितीही गोड असले तरी कापावे.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखे बंद करून खिडक्यांवर गोधड्या टाकाव्यात. पहिले मुद्रण चित्रपट न पाहिलेल्या मुलांना ऐकवावे, आणि ती जिथे “आता हा कोण?” असे विचारतील, तिथे आधीच्या संवादात त्या पात्राचे नाव घालावे.