अमेरिकी कॉलेजचा क्रीडा-खर्च ‘टायटल नाइन’च्या कसोटीवर कसा तपासावा

‘टायटल नाइन’ म्हणजे शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकी कायदा. तपासणीसाठी आधी अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून कॉलेजचा ईएडीए अहवाल, म्हणजे क्रीडा-समानतेची माहिती देणारा वार्षिक अहवाल, उतरवून घ्या. त्यात पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांची संख्या, खेळाडू, शिष्यवृत्त्या आणि खर्च स्त्री-पुरुष असे वेगळे मिळतात.

पहिला हिशेब सहभागाचा. समजा, 10,000 विद्यार्थ्यांत 5,400 मुली, म्हणजे 54 टक्के. पण 500 खेळाडूंत मुली 215, म्हणजे 43 टक्के. मुलांच्या 285 जागा तशाच ठेवल्या तर प्रमाण जुळायला मुलींच्या सुमारे 335 जागा लागतील, म्हणजे 120 कमी आहेत. एवढ्यात अख्खे नवे संघ उभे राहतात! तरीही लगेच नियमभंग म्हणू नका. या कायद्याच्या 1979 च्या त्रिसूत्रीत तीन पर्याय आहेत; प्रमाण जुळणे हा त्यांतला पहिला. ते जुळत नसेल, तर मुलींच्या संधी सातत्याने वाढवत आल्याचा इतिहास किंवा मुलींची आवड व क्षमता पूर्ण सामावली जाणे, यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते.

आकडे फसतात ते इथेच. क्रॉस-कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर ट्रॅक धावणारी एकच मुलगी तीनदा मोजली जाते. मुलींच्या संघासोबत सराव करणारे मुलगेही या अहवालात मुलींच्या रकान्यात येतात. तळटिपा वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका.

शिष्यवृत्तीसाठी प्रत्येक खेळाडू एकदाच मोजा. मुलींचा वाटा त्यांच्या सहभागाच्या टक्केवारीपासून एका टक्क्याहून जास्त दूर असेल, तर कॉलेजकडे कारण मागा.

एकूण खर्च समान असण्याची सक्ती नाही. अमेरिकन फुटबॉलचे हेल्मेट-पॅड महागच. मात्र प्रवास, सरावाच्या वेळा, लॉकर रूम, प्रशिक्षक यांचा दर्जा तुल्य हवा. देणगीदाराने पैसे फक्त मुलांच्या संघाला दिले, ही सबब चालत नाही.