मोटार वर ओढण्याआधी: बोअरचं प्रेशर कमी का झालं ते ओळखा

धार बारीक झाली की लोकांचा फोन येतो, "दादा, मोटार गेली, कधी येता?" लातूर भागात बोअरच्या मोटारी बसवणं, ओढणं, रिवाइंड करणं (जळालेली तार काढून नवी भरणं) हे माझं रोजचं काम. अनुभवाने सांगतो, यातल्या बऱ्याच मोटारी ओढायची गरजच नसते. ओढायला माणसं लागतात, मजुरी लागते, जुना पाइप वर घेताना तुटला तर तो खर्च वेगळा. म्हणून आधी घरच्या घरी एवढं बघा.

पहिल्यांदा गच्चीवर जा, खाली कुणाला तरी मोटार चालू करायला सांगा आणि टाकीत पडणारी धार बघा. ती नेहमीसारखी असेल तर बोअरला हात लावू नका, दोष टाकीच्या खाली आहे. आपलं पाणी क्षाराचं, त्यामुळे नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवर पांढऱ्या थराने बुजतात. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. टाकी पूर्ण रिकामी होऊन परत भरली असेल तर पाइपात हवा अडकते, तेव्हा सगळ्यात खालचा नळ थोडा वेळ पूर्ण सोडा. आणि 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रेशर मिळतं, हा हिशोब लक्षात ठेवा. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर शॉवर जोरात येणार नाही, त्यात कुणाची चूक नाही.

घरात टाकीनंतर प्रेशर पंप असेल आणि नळ उघडल्यावर तो सारखा चालू-बंद होत असेल, तर त्याच्या छोट्या प्रेशर टाकीतली हवा गेलेली असते. लाइट बंद करा, नळ उघडून पाणी काढून टाका आणि तिच्या हवेच्या व्हॉल्व्हवर गाडीच्या टायरचा गेज लावा. पंप 20 पीएसआयला (हे प्रेशरचं माप) चालू होत असेल तर हवा 18 ठेवायची, म्हणजे 2 ने कमी. हवा भरताना व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर आतलं रबर फाटलंय, ते बदला.

आता गच्चीवरचीच धार कमी असेल तर मोटारीच्या पॅनलचे, म्हणजे ती चालू करायच्या डब्याचे, काटे वाचा. आधी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि पाणी कमी येतं. रात्री उशिरा परत चालवून बघा. मोटार नुसती गुणगुणते, उचलत नाही, तर कंडेन्सर (मोटार चालू होताना तिला जोर देणारा भाग) बघायला हवा. पण एमसीबी (लाइट तोडणारा मेन स्विच) खाली पाडल्याशिवाय पॅनल उघडू नका. कंडेन्सरमध्ये लाइट बंद असतानाही करंट राहतो, म्हणून ते काम वायरमनलाच करू द्या. थ्री फेज असेल आणि लाइनचं काम झाल्यापासून धार कमी झाली असेल, तर मोटार उलटी फिरत असेल. कुठल्याही दोन फेज बदलल्या की ती सरळ होते.

मग अँपिअर, म्हणजे मोटार किती करंट ओढते ते, आणि खरी ओळख इथंच पटते. औशाकडच्या एका मावशींकडे गेलो तेव्हा पाणी निम्मं येत होतं, पण काटा रोजच्या सातावरच होता. मोटार जोर लावतेय आणि पाणी वर येत नाही, म्हणजे ते मधेच कुठंतरी जातंय. बोअरचं झाकण उघडून कान लावला, तर आत पाणी पडल्याचा सळसळ आवाज येत होता. पाइपाचा सांधा सुटला होता. पाइप ओढावा लागला, पण मोटार चांगली होती आणि नवीन घ्यायचा खर्च वाचला.

याच्या उलट काटा सातावरून चार-पाचवर येतो, धार फुरफुरते, हवा मारते. तासभर विश्रांती दिली की पाच मिनिटं जोरात पाणी येतं आणि परत तेच. तेव्हा मोटार ठीक असते, बोअरमधलं पाणी खाली गेलेलं असतं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, झऱ्यात जेवढं येतं तेवढंच मिळतं. अशा वेळी बोअरवरचा व्हॉल्व्ह थोडा दाबून धार झऱ्याएवढी करा आणि टायमर लावून थोडा थोडा उपसा करा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे जळालेल्या मोटारींचा ढीग लागला होता, बहुतेक कोरड्या चाललेल्या. सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडालेली मोटार, भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, म्हणून ड्राय रन कट (पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र) बसवून घ्याच. त्याचा खर्च रिवाइंडिंगपेक्षा कमी आहे.

काटा कमी पण हवा नाही, धार सलग बारीक, तर मोटारीची जाळी बुजली असेल. धार वर्षभरात हळूहळू कमी होत आली असेल तर बारीक रेतीने इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारे आतले पंखे, झिजलेत. चालू केल्यावर पाणी वर यायला आता फार वेळ लागत असेल तर एनआरव्ही (पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) पाणी सोडतोय. या तिन्हीला मोटार ओढावीच लागते.

दिवाळीच्या सुमाराला बोअर भरलेला असतो. तेव्हा व्होल्टेज, अँपिअर आणि 20 लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद पेंटने पॅनलच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. मेकॅनिकला फोन करताना आजचे आकडे आणि ते दिवाळीचे आकडे दोन्ही सांगा, म्हणजे तो येतानाच लागणारं सामान घेऊन येईल.