गो एकट्यानं खेळताना: माझा अनुभव

कोथरूडमध्ये बुद्धिबळाला भिडू सहज मिळतो. ‘गो’ (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा वेढण्याचा पटावरचा खेळ) म्हटलं की लोक विचारतात, “जा? कुठे?” म्हणून लॅपटॉपवर काटागो हा गो खेळणारा प्रोग्राम उतरवला. डबल क्लिक केलं, काळी खिडकी लुकलुकली आणि गायब! दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग उमगलं, काटागो हे नुसतं चाली शोधणारं इंजिन. पडद्यावर खेळायला पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा लागतो. शिवाय मी घेतलेली ओपनसीएल आवृत्ती ग्राफिक्स कार्डासाठीची, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला ते कार्डच नाही. साध्या प्रोसेसरवर चालणारी आयगेन आवृत्ती घेतली, साबाकी नावाच्या पटाला जोडली. चाललं एकदाचं.

पण १९ बाय १९ रेघांच्या पूर्ण पटावर काटागोनं असं धुतलं की माझ्या सोंगट्यांचा एकही गट जिवंत राहिला नाही, म्हणजे सगळे वेढले गेले. शेवटी काटागोवरच चालणारं, सरावासाठीचं काट्रेन घेतलं. त्यात पट असतोच, प्रतिस्पर्धी आपल्या ताकदीचा निवडता येतो आणि चाल किती गुणांनी चुकली ते सोंगटीवरच्या ठिपक्याच्या रंगावरून कळतं. सेटिंगमध्ये इंजिनाचा पत्ता तेवढा आयगेनकडे वळवावा लागला. इंजिन प्रत्येक चालीला करतं त्या विचाराच्या फेऱ्या ५० वर आणल्यावर पंख्याची घरघरही थांबली. काल ९ बाय ९ च्या छोट्या पटावर साडेतीन गुणांनीच हरलो.